प्लास्टिकमधील पुनश्चक्रित अंशाविषयीचे कायदे

प्लास्टिकची वस्तू किंवा वेष्टन तयार करताना त्यात वापरून टाकलेल्या प्लास्टिकपासून मिळवलेल्या द्रव्याचे किमान प्रमाण किती असावे, हे ठरवून देणारे कायदे, नियम व करविषयक तरतुदी यांना पुनश्चक्रित अंशाविषयीचे कायदे म्हणतात. कचरा गोळा करण्याची सक्ती करणारे कायदे आणि हे कायदे यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात कचऱ्याची विल्हेवाट हा विषय असतो. दुसऱ्या प्रकारात त्या कचऱ्यापासून बनलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देणे हा हेतू असतो. भारतात अशी सक्ती १६ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने अधिसूचित केलेल्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन (सुधारणा) नियमांनी आणली. तिची पहिली लक्ष्ये २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून सुरू होतात. ही सक्ती फक्त वेष्टनांपुरती, म्हणजे पॅकेजिंगपुरती, आहे. प्रस्तुत लेखात या तरतुदींचा आढावा घेऊन महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत, त्यांचा संबंध कोठे येतो आणि कोठे येत नाही, हे सांगितले आहे.

संज्ञा व अर्थभेद

या विषयावरील मराठी लेखनात ‘पुनर्वापर’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या क्रियांसाठी वापरला जातो आणि त्यातून बराच घोटाळा होतो. वस्तू आहे त्याच रूपात पुन्हा वापरणे, उदाहरणार्थ पाण्याचा वीस लिटरचा जार धुऊन पुन्हा भरणे, हा खरा पुनर्वापर होय. वस्तू फोडून, धुऊन, वितळवून तिचा दाणा करणे आणि त्या दाण्यापासून नवी वस्तू घडवणे म्हणजे पुनश्चक्रण. प्लास्टिक जाळून उष्णता मिळवणे किंवा ते डांबरात मिसळणे ही तिसरी क्रिया असून नियमांच्या भाषेत ती ‘अंतिम विल्हेवाट’ ठरते. नियमांत या तिन्हींची लक्ष्ये वेगवेगळी आहेत. त्यामुळे वृत्तपत्रातील ‘तीस टक्के पुनर्वापर बंधनकारक’ अशा मथळ्यावरून नेमके काय बंधनकारक आहे, ते कळत नाही. (‘पुनर्चक्रण’ हे रूप रूढ असले तरी संधिनियमानुसार ‘पुनश्चक्रण’ हे रूप शुद्ध आहे, येथे तेच योजले आहे.)

‘पुनश्चक्रणक्षम’ आणि ‘पुनश्चक्रित’ हा भेदही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बाटलीच्या तळाशी असलेला त्रिकोणी बाणांतील १ ते ७ पैकी आकडा केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ती बाटली जुन्या प्लास्टिकपासून बनली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. ती पुढे खरोखर वितळवली जाईल, याचीही त्यातून हमी मिळत नाही.

पुनश्चक्रित द्रव्याचेही दोन प्रकार मानतात. कारखान्यातच निघालेले काप, बिघडलेला माल इत्यादी ग्राहकपूर्व कचरा स्वच्छ व एकजिनसी असतो आणि कारखानदार तो पूर्वीपासूनच वाया जाऊ देत नाहीत. घरातून, दुकानातून, रस्त्यावरून आलेला ग्राहकोत्तर कचरा मिश्र व मळलेला असतो. कायद्याने खरा बदल घडवायचा असेल तर तो दुसऱ्या प्रकारात घडवावा लागतो. युरोपीय संघाच्या नव्या नियमनात म्हणूनच केवळ ग्राहकोत्तर कचऱ्यापासून मिळालेला अंश मोजणीत धरला जातो.

भारतातील पूर्वपीठिका

भारतात प्लास्टिकविषयक पहिले केंद्रीय नियम २ सप्टेंबर १९९९ रोजी आले. त्यांचे नाव ‘पुनश्चक्रित प्लास्टिक उत्पादन व वापर नियम’ असे होते. मात्र त्यांचा रोख आजच्या नेमका उलट होता. जुन्या प्लास्टिकच्या पिशव्यांत किंवा डब्यांत खाद्यपदार्थ साठवणे, नेणे व देणे यांस त्या नियमांनी मनाई केली. कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या नैसर्गिक किंवा पांढऱ्या रंगाच्या असाव्यात, पुनश्चक्रित पिशव्यांतील रंगद्रव्ये भारतीय मानकाप्रमाणे असावीत आणि पुनश्चक्रण आयएस १४५३४ या मानकानुसार व्हावे, अशा तरतुदी त्यांत होत्या. पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरवली गेली. त्या काळी बाजारात मिळणाऱ्या काळ्या-निळ्या पातळ पिशव्या कशापासून बनत, याचा ग्राहकाला पत्ता नसे. ती चिंता या नियमांमागे होती आणि ती रास्तच होती.

पुढे जाडीची मर्यादा वाढत गेली. २०११च्या नियमांत ती ४० मायक्रॉन, १८ मार्च २०१६ रोजीच्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत ५० मायक्रॉन, तर २०२१च्या दुरुस्तीनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. जाड पिशवी गोळा करण्यास परवडते, पातळ पिशवी कोणी उचलत नाही, हे त्यामागील साधे कारण आहे. २०१६च्या नियमांनी ‘विस्तारित उत्पादक दायित्व’ ही कल्पना ठळकपणे मांडली. बाजारात वेष्टन आणणाऱ्यानेच त्याच्या कचऱ्याची जबाबदारी घ्यावी, असा तिचा अर्थ. परंतु किती व केव्हा, याचे आकडे तेव्हा दिले गेले नाहीत. परिणामी जवळजवळ सहा वर्षे ती जबाबदारी बव्हंशी कागदावर राहिली.

२०२२ची मार्गदर्शक तत्त्वे

२०२२च्या दुरुस्तीने जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत प्लास्टिक वेष्टनांचे चार प्रवर्ग केले आहेत. पहिल्या प्रवर्गात बाटल्या, डबे, कॅन यांसारखी कठीण वेष्टने येतात. दुसऱ्यात एकपदरी किंवा निरनिराळ्या प्लास्टिकच्या अनेक पदरांची लवचीक वेष्टने, कॅरीबॅगा, पुड्या व पाऊच येतात. प्लास्टिकबरोबर अ‍ॅल्युमिनियमसारख्या अन्य द्रव्याचा पदर असलेली वेष्टने तिसऱ्या प्रवर्गात, तर विघटनशील प्लास्टिकच्या पिशव्या व वेष्टने चौथ्या प्रवर्गात मोडतात. चौथ्या प्रवर्गाला पुनश्चक्रित अंशाची अट नाही.

पुनश्चक्रित अंशाची किमान प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत. पहिल्या प्रवर्गासाठी २०२५-२६ मध्ये ३० टक्के, २०२६-२७ मध्ये ४०, २०२७-२८ मध्ये ५० आणि २०२८-२९ पासून ६० टक्के. दुसऱ्या प्रवर्गासाठी पहिली दोन वर्षे १० व पुढे २० टक्के. तिसऱ्यासाठी पहिली दोन वर्षे ५ व पुढे १० टक्के. म्हणजे एखाद्या कंपनीने २०२५-२६ मध्ये १०० टन वजनाची कठीण वेष्टने बाजारात आणली, तर त्यांत ३० टन द्रव्य पुनश्चक्रित असले पाहिजे. साठ टक्क्यांचे अंतिम लक्ष्य जगातील अशा कायद्यांत फार वरचे आहे.

याच अनुसूचीत कठीण वेष्टनांच्या खऱ्या पुनर्वापराचीही लक्ष्ये आहेत. ४.९ लिटर व त्याहून मोठ्या वेष्टनांसाठी २०२५-२६ मध्ये ७० टक्के असून ती वाढत २०२८-२९ मध्ये ८५ टक्क्यांवर जातात, ०.९ लिटरपासून ४.९ लिटरपर्यंतच्या वेष्टनांसाठी ती १० ते २५ टक्के आहेत.

दायित्व उत्पादक, आयातदार व ब्रँड-मालक या तिघांवर आहे. दोनपेक्षा अधिक राज्यांत व्यवहार असल्यास त्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, अन्यथा राज्य मंडळाकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सूक्ष्म व लघु उद्योगांत मोडणाऱ्या ब्रँड-मालकांना या दायित्वातून वगळले आहे. सूक्ष्म व लघु वेष्टन-उत्पादकांचा भार २०२४च्या दुरुस्तीने त्यांना कच्चा माल पुरवणाऱ्यांकडे वळवला.

अन्य कायद्यामुळे ज्यांना पुनश्चक्रित द्रव्य वापरताच येत नाही, अशांना केंद्रीय मंडळ प्रकरणपरत्वे सवलत देऊ शकते. परंतु ही सवलत म्हणजे सुटका नव्हे. अशा कंपनीने, आपल्या वाट्यापेक्षा जास्त पुनश्चक्रित द्रव्य वापरणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रे विकत घ्यावीत, अशी तरतूद आहे. लक्ष्य न गाठल्यास पर्यावरणीय भरपाई भरावी लागते. भरपाई भरली म्हणून दायित्व संपत नाही; ते तीन वर्षे पुढे ओढले जाते. पहिल्या वर्षात ते पूर्ण केल्यास भरपाईचे ७५ टक्के, दुसऱ्यात ६० टक्के व तिसऱ्यात ४० टक्के परत मिळतात.

अन्नसुरक्षेशी संबंध

वेष्टनांचा मोठा वाटा खाद्यपेयांचा असल्यामुळे या कायद्याची खरी कसोटी अन्नाशी संपर्क येणाऱ्या प्लास्टिकवर लागते. येथे दोन कायदे काही काळ एकमेकांसमोर उभे होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८च्या वेष्टनविषयक विनियमांनी पुनश्चक्रित प्लास्टिकमध्ये अन्न बांधण्यास मनाई कायम ठेवली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये प्लास्टिक कचरा नियमांत दुरुस्ती होऊन प्राधिकरणाच्या अटींवर अशी परवानगी देता येईल, असे ठरले. जानेवारी २०२२ मध्ये प्राधिकरणाने पुनश्चक्रित पेट प्लास्टिकपुरती मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ मध्ये विनियमांतच बदल केला.

ही मुभा पेटपुरतीच का, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. पेटची घडण घट्ट असल्याने बाहेरची रसायने व वास त्यात कमी मुरतात आणि उच्च तापमानाला निर्वात स्थितीत ठेवून ती बाहेर काढता येतात. पॉलिथिलीन व पॉलिप्रोपिलीन ही प्लास्टिके तेल, वास व द्रावके सहज शोषून घेतात. फिनाइलच्या किंवा कीटकनाशकाच्या डब्याचा दाणा लोणच्याच्या बरणीत जाणे कोणालाच नको असते. कीटकनाशकांचे डबे शेताच्या बांधावर पडलेले दिसतात, अशा भागात तर हा धोका पुस्तकी राहत नाही. त्यामुळे दुधाची पिशवी, खाद्यतेलाचा डबा, बिस्किटाचे वेष्टन यांच्या उत्पादकांपुढे प्रत्यक्ष द्रव्य वापरण्याऐवजी प्रमाणपत्रे विकत घेण्याचा मार्ग उरतो. तेलासाठी पेटची बाटली वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

पेटच्या पुनश्चक्रणातही अडचणी आहेत. प्रत्येक वेळी वितळताना बहुवारिकाची साखळी तुटते व द्रव्य ठिसूळ होते. ती पुन्हा वाढवण्यासाठी घन अवस्थेतील बहुवारिकीकरण ही खर्चीक प्रक्रिया करावी लागते. बाटलीचे बूच पॉलिथिलीनचे किंवा पॉलिप्रोपिलीनचे असते. चुरा पाण्यात टाकल्यावर बुचांचा चुरा तरंगतो आणि पेट बुडते. त्यामुळे ती दोन वेगळी करणे सोपे आहे. पीव्हीसीचे वेष्टन मात्र पेटबरोबरच बुडते आणि पुढे वितळवताना त्याचा थोडासा अंशही सारा घाणा पिवळा करून बिघडवतो. बाटलीवर कोणते लेबल लावायचे, हा कारखान्यातील किरकोळ वाटणारा निर्णय दूरच्या गावात माल निवडणाऱ्या बाईचे काम वाढवतो किंवा कमी करतो.

महाराष्ट्रातील तरतुदी

महाराष्ट्राचा मार्ग मुख्यतः बंदीचा राहिला आहे. जुलै २००५ मधील मुंबईच्या महापुरात गटारे तुंबण्यास पिशव्या कारणीभूत ठरल्याचे चर्चेत आल्यावर २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. केंद्राने ही मर्यादा गाठली ती दहा वर्षांनी. त्याच वर्षी महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम झाला. त्याच्या आधारे २३ मार्च २०१८ रोजी राज्याने प्लास्टिक व थर्माकोल वस्तूंविषयीची प्रसिद्ध अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार, तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिने कैद, अशी शिक्षा तीत आहे. दुधाच्या पिशव्या व पेयांच्या बाटल्या पैसे देऊन परत घेण्याची कल्पनाही तीत होती. ती दुकानापर्यंत फारशी पोहोचली नाही. बंदीमुळे हातातील पिशवी काही काळ कमी झाली, पण कंपनीतून भरून येणारे वेष्टन बंदीच्या कक्षेबाहेरच राहिले. पुनश्चक्रित अंशाची केंद्रीय सक्ती नेमक्या त्या वेष्टनाला लागू होते.

नांदेड व लातूर

नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ मध्ये व लातूर महानगरपालिका २०११ मध्ये स्थापन झाली. २०११च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख, तर लातूरची पावणेचार लाखांहून अधिक होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालये दोन्ही शहरांत आहेत. नांदेडचा कचरा डेपो तुप्पा येथे, तर लातूरचा वरवंटी येथे आहे.

या भागातील प्लास्टिकचा इतिहास पाण्याशी जोडलेला आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा आदेश लागू करावा लागला आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. पुढे ती पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर पाणी आणू लागली. पितळी व स्टीलच्या भांड्यांची जागा प्लास्टिकच्या घागरींनी आधीच घेतली होती. टंचाईच्या वर्षांत त्यांत गच्चीवरच्या काळ्या टाक्या, दारातली पिंपे आणि विकतच्या पाण्याचे जार यांची भर पडली. पाणी साठवणे ही जेथे घराघराची गरज आहे, तेथे प्लास्टिक कमी वापरा हा उपदेश अर्धाच लागू पडतो.

येथे एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. घागर, टाकी, पिंप, खुर्ची, ठिबक सिंचनाच्या नळ्या, आच्छादनाचा कागद यांपैकी काहीही ‘वेष्टन’ नाही. म्हणून ३० टक्क्यांची अट त्यांना लागू नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांच्या मानकांत तर बाहेरून आणलेला जुना दाणा मिसळण्यास वाव नाही, कारण नळी वर्षानुवर्षे दाबाखाली टिकली पाहिजे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र जुना दाणा पूर्वीपासून ज्या वस्तूंत जात आला आहे, त्या बादल्या, तगारी, कुंड्या यांसारख्या वस्तूंत तो किती आहे, हे सांगण्याचे बंधन कोणावर नाही. बाजारातल्या घागरीवर ती कोऱ्या दाण्याची आहे की जुन्या, हे बहुधा लिहिलेले नसते आणि पिण्याचे पाणी तर त्याच घागरीत भरले जाते. १९९९च्या नियमांमागची चिंता या एका कोपऱ्यात अजून तशीच आहे.

वीस लिटरचे जार मोठ्या आकाराच्या कठीण वेष्टनांत मोडतात आणि त्यांच्या बाबतीत पुनर्वापराचे ७० टक्क्यांचे लक्ष्य आहे. नांदेड-लातुरात घरे, दुकाने, कार्यालये, शिकवणी वर्ग व विद्यार्थ्यांच्या खानावळी यांना पाणी पुरवणारे जारवाले हा पुनर्वापर कायद्याआधीपासून करत आले आहेत. कारण जार परत आला नाही तर धंदाच बसतो. यांतील बहुतेकांचे व्यवसाय आकाराने लहान असल्याने ब्रँड-मालक म्हणून त्यांच्यावर कायद्याचे दायित्व येत नाही. त्यांनी केलेला पुनर्वापर त्यामुळे कोणाच्या हिशेबातही धरला जात नाही.

लहान बाटल्यांचे चित्र वेगळे आहे. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब येथे देशभरातून येणारे भाविक, माळेगावची खंडोबाची यात्रा, माहूरची गर्दी, लातूरच्या सिद्धेश्वराची यात्रा या प्रसंगी बाटल्यांचा ढीग पडतो. पेटची रिकामी बाटली सहसा पडून राहत नाही, कारण तिला भंगारात भाव आहे. चिप्सच्या किंवा शाम्पूच्या पुडीला भाव नाही. ती गटारात, गोदावरीच्या घाटावर किंवा डेपोत सापडते. कायद्याने तिसऱ्या प्रवर्गाला केवळ पाच टक्क्यांचे लक्ष्य दिले, यामागेही हेच वास्तव आहे. ते लक्ष्य पुडी उचलणाऱ्याच्या हाती काही पैसे देईल इतके मोठे नाही.

शेतीप्रधान जिल्ह्यांत खताच्या व बियाण्याच्या विणलेल्या गोण्यांचा वाटा मोठा असतो. अन्नाशी संबंध नसल्यामुळे पुनश्चक्रित अंश घालण्यास ही वेष्टने खरे तर सोयीची आहेत, जरी विणीची पट्टी ओढताना जुना दाणा तुटण्याची भीती असते. पण युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी घरी आली की ती कचरा होत नाही. तिच्यात सोयाबीन भरले जाते, कापूस वेचला जातो, चार गोण्या उसवून ताडपत्री शिवली जाते, छपराला लावली जाते. (गोणीचे धागे कापसात मिसळल्याने रुईची प्रत घसरते, म्हणून वेचणीला कापडी झोळी वापरावी असे कृषितज्ज्ञ सांगतात.) अशी गोणी भंगारात येते तेव्हा उन्हाने तिचा भुगा झालेला असतो आणि तिच्यापासून चांगला दाणा निघत नाही. विक्रीच्या वर्षातच कचरा परत येईल, हे कायद्यातील गृहीतक शहरी बाटलीला लागू पडते, गोणीला पडत नाही.

कचऱ्यापासून दाण्यापर्यंतची साखळी दोन्ही जिल्ह्यांत बहुतांशी असंघटित हातांची आहे. कचरा वेचणारी स्त्री, फेरीवाला भंगारवाला, भंगाराचे दुकान, निवड करून गठ्ठे बांधणारा व्यापारी आणि शेवटी चुरा किंवा दाणा करणारा कारखाना, असा तिचा क्रम असतो. प्लास्टिक हलके व जागा फार व्यापणारे असल्याने न दाबता पाठवल्यास गाडीभाडे मालाच्या किमतीला खाऊन टाकते. मोठ्या शहरांपासून दूर असणे ही मराठवाड्याची अडचण आहे. भावातली दूरच्या वाहतुकीची वजावट वेचणाऱ्याच्या हातच्या पैशातून होते. ऑक्टोबर २०२१ पासून प्लास्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर ५ वरून १८ टक्के झाला. बिलाशिवाय चालणारा व्यवहार आणि बिलाने चालणारा कारखाना यांतील दरी त्याने रुंदावली. प्रमाणपत्र देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत प्रक्रियाकारांना आहे. निवड, सफाई, गठ्ठा ही कामे गावात झाली तरी प्रमाणपत्राचे मोल दाणा करणाऱ्याच्या दारी जन्मते आणि ते खालपर्यंत वाटण्याची सक्ती नियमांत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कचरावेचकांना स्थानिक व्यवस्थेत सामावून घेण्याचे सांगितले आहे. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीमुळे व पुढे २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमुळे वेचकांना महापालिकेच्या कामात स्थान मिळाले. महाराष्ट्रात या बाबतीत दाखवण्याजोगे उदाहरण ते हेच.

नगरपालिका व ग्रामपंचायती डांबरी रस्त्यात प्लास्टिक घातल्याची माहिती ‘पुनश्चक्रण’ म्हणून देतात. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी विकसित केलेली ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु नियमांनुसार ती अंतिम विल्हेवाट आहे. रस्त्यात गेलेले प्लास्टिक पुन्हा वस्तूत येत नाही, त्यामुळे पुनश्चक्रित अंशाच्या लक्ष्यात ते मोजले जात नाही. प्रमाणपत्रांच्या अदलाबदलीतही हीच उतरंड आहे: पुनर्वापरातील जादा कामगिरी पुनश्चक्रणाच्या वा विल्हेवाटीच्या तुटीत वळती करता येते, विल्हेवाटीतील जादा कामगिरी वरच्या पायरीवर चालत नाही.

अंमलबजावणी व आक्षेप

वितळलेल्या दाण्यात जुने किती व कोरे किती, हे तयार बाटलीकडे पाहून कळत नाही. प्रयोगशाळेतही ते निश्चित सांगणे अवघड असते. म्हणून सारी भिस्त खरेदीची बिले, वजनकाटे व लेखापरीक्षण यांवर राहते. या व्यवस्थेला २०२३ मध्ये मोठा धक्का बसला. महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटक या राज्यांतील चार प्रक्रियाकारांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे केंद्रीय मंडळाच्या तपासणीत उघड झाले. त्यांनी जेवढे प्लास्टिक गाळल्याचे दाखवले, तेवढी त्यांच्या यंत्रांची कुवतच नव्हती. बनावट प्रमाणपत्र स्वस्त विकले जाते. त्यामुळे खरोखर कचरा विकत घेऊन प्रक्रिया करणाऱ्याचे प्रमाणपत्र पडून राहते आणि शेवटी भंगाराचा भाव पडतो. नुकसान अशा रीतीने ज्यांचा या व्यवहाराशी कागदोपत्री संबंधही नाही, त्यांच्यापर्यंत उतरते.

उद्योगांचा मुख्य आक्षेप दर्जेदार दाण्याच्या तुटवड्याविषयी आहे. अन्नयोग्य पुनश्चक्रित पेट अनेकदा कोऱ्या पेटहून महाग पडते. खनिज तेल स्वस्त झाले की ही तफावत आणखी वाढते. याच कारणामुळे सक्तीचे समर्थक म्हणतात की, बाजारावर सोडल्यास जुना दाणा कधीच खपणार नाही. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाचा आधार एकच वस्तुस्थिती आहे. दुसरा आक्षेप असा की, बाटलीसाठी पेटची मागणी वाढली तर जुन्या बाटल्यांपासून धागा काढणाऱ्या कापड उद्योगाचा कच्चा माल पळवला जाईल आणि एकूण कचरा कमी न होता केवळ त्याचा मार्ग बदलेल. पुनश्चक्रित वेष्टनावर तसा उल्लेख व टक्केवारी छापण्याची तरतूद नियमांत आहे. ग्राहकाला पडताळणीचे हाती असलेले साधन तेवढेच.

इतर देशांत

अशा सक्तीची सुरुवात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९०च्या दशकारंभी कठीण वेष्टनांबाबत केली. त्याच राज्याच्या २०२०च्या कायद्याने पेयांच्या बाटल्यांत २०२२ पासून १५, २०२५ पासून २५ व २०३० पासून ५० टक्के ग्राहकोत्तर अंश ठरवला. युरोपीय संघाच्या २०१९च्या एकल-वापर प्लास्टिक निर्देशाने पेटच्या पेय-बाटल्यांत २०२५ पासून २५ टक्के व सर्व प्लास्टिक पेय-बाटल्यांत २०३० पासून ३० टक्के अंश बंधनकारक केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमलात आलेल्या वेष्टनविषयक नियमनाने ही अट अन्य वेष्टनांपर्यंत नेली. ब्रिटनने सक्तीऐवजी कराचा मार्ग घेतला. एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांपेक्षा कमी पुनश्चक्रित अंश असलेल्या वेष्टनावर तेथे टनाला २०० पौंड कर बसला आणि पुढे त्याचा दर वाढवण्यात आला. कॅलिफोर्नियात व युरोपातील अनेक देशांत रिकामी बाटली परत केल्यास अनामत रक्कम मिळते. त्यामुळे तेथे बाटल्या वेगळ्या व स्वच्छ स्थितीत कारखान्यापर्यंत पोहोचतात. भारतात हे काम अनामतीविना, वेचणाऱ्यांच्या श्रमांवर चालते.